अठ्ठ्याऐंशी नंबरचा ठिपका

तिसरा स्फोट झाला त्या दिवशी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये आमचा सत्कार चालला होता. हे स्फोट घडवणाऱ्या संघटनेचा म्होरक्या सहा आठवड्यांपूर्वी आमच्या हाती लागला होता. मीच त्याच्या दंडाला धरून त्याला गाडीत बसवलं होतं. गुच्छ टेबलावर होते, पेढ्यांचं खोकं अजून फिरत होतं, आणि साडेअकराला फोन वाजला. कापडबाजार. एकोणीस माणसं गेली.

मी पोलिसात सत्तावीस वर्षं काढली. म्होरक्या धरला की बाकीचे पांगतात, असंच आम्हाला शिकवलेलं. चौदा महिन्यांत आम्ही दोन म्होरके धरले, वर अकरा माणसं. तरी तिसरा स्फोट पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा झाला. साहेबांनी त्या दिवशी कोणाला दोष दिला नाही. खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "आपण काहीतरी चुकीचं मोजतोय."

पुढच्या सोमवारी ते एका बाईंना घेऊन आले. पंचेचाळिशीच्या असतील. चष्मा दोरीला लटकवलेला, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पेन्सिलींचा डबा. आरोग्य खात्यात साथीच्या रोगांचं काम करायच्या. एका शहरात कावीळ पसरली होती तेव्हा कोण कोणाकडे जेवलं आणि कोण कुठलं पाणी प्यायलं याच्या रेघा काढून त्यांनी फुटलेला नेमका पाइप शोधला होता म्हणे. दोन दिवसांत आमच्या ऑफिसात त्यांचं नाव पडलं, रेघाबाई.

त्यांनी पहिलाच प्रश्न मला विचारला, "तुमच्याकडे काय काय आहे?"

"फोनचे रेकॉर्ड आहेत, जबाब आहेत, फोटो आहेत."

"ते हवंच. पण कोण कोणाच्या वर्गात होतं? कोण कोणाच्या लग्नाला गेलं? दवाखान्यात कोणाच्या शेजारच्या खाटेवर कोण होतं?"

मी म्हटलं, "बाई, आम्ही अतिरेकी शोधतोय, स्थळं नाही."

"स्थळ शोधणाऱ्यांइतकी चौकशी केली असतीत, तर मला बोलवावं लागलं नसतं," त्या म्हणाल्या. खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं.

दुसऱ्या मजल्यावर जुन्या मुद्देमालाची खोली होती. तिथली कपाटं हलवली, एक लांब भिंत मोकळी केली आणि कागदाला कागद चिकटवून भिंतभर पसरला. एक माणूस म्हणजे एक ठिपका आणि त्याला नंबर. दोन माणसांमध्ये नातं असल्याचे दोन पुरावे मिळाले तर शाईची रेघ, एकच मिळाला तर पेन्सिलीची. माझं काम माणसं सांगायचं. कोण कोणाचा साडू, कोण कोणाबरोबर एका कोठडीत होता, कोणी कोणाला खोली मिळवून दिली. बाई विचारायच्या, मी सांगायचो, त्या लिहायच्या. मग कॉम्प्युटरला घालायच्या आणि मग भिंतीवर.

घरी बायकोला गंमत वाटायची. "माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याला तुम्ही वीस वर्षं भाऊजी सोडून भलतंच काहीतरी म्हणताय, आणि तिथे तीनशे जणांची नाती जुळवताय?"

"तिथे चुकलं तर बाई खोडरबर हातात देतात," मी म्हटलं.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, पण लग्नांचं काय धरून बसलात? लग्नाला कोणीही येतं. मयताला कोण येतं ते बघा. कामधंदा टाकून जो मयताला येतो, तो खरा जवळचा."

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा," म्हणाल्या, आणि पुढचे दोन आठवडे आम्ही अंत्ययात्रांचे फोटो तपासत होतो. तीस नव्या रेघा तिथे मिळाल्या.

मधे एकदा मला वाटलं, सापडला. एक्केचाळीस नंबरच्या ठिपक्याला एकसष्ट रेघा होत्या. भिंतीवर कोणालाच इतक्या नव्हत्या. पकडलेल्यांपैकी निम्मे त्याला ओळखत होते. मी गाडी काढायलाच निघालो होतो.

"हा करतो काय?" बाईंनी विचारलं.

"दूध घालतो."

"मग या रेघा दुधाच्या आहेत." त्यांनी एकेक करून सगळ्या खोडल्या. "ज्याला अख्खी वस्ती ओळखते, त्याला ओळखणं ही काही बातमी नाही हो."

मी गाडीची किल्ली परत खिशात टाकली. या दूधवाल्याला वर्षभरापूर्वी मी दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांच्या घरी दूध गेलं नाही म्हणून तो रडकुंडीला आला होता, आणि मला वाटलं होतं की नाटक करतोय.

दोन महिन्यांनी भिंतीवर तीनशे बारा ठिपके झाले. लांबून बघितलं की चार दाट पुंजके दिसायचे. डावीकडे ठरवणारे. वर उजवीकडे सामान तयार करणारे. खाली खोल्या, गाड्या आणि खोटे कागद बघणारे. आणि कोपऱ्यात नव्याने ओढलेली कोवळी मुलं. आम्ही पकडलेले दोघे म्होरके डावीकडच्या पुंजक्याच्या अगदी मध्यावर होते.

"तुम्ही चूक केली नाहीत," बाई म्हणाल्या. "सगळ्यात जास्त रेघा त्यांनाच होत्या. पण बघा, त्यांच्या भोवतीचे सगळे एकमेकांनाही ओळखतात. मधला काढला तरी बाजूचे हात धरून उभेच. मधे भोक पडलं, जाळं शाबूत राहिलं."

मग त्यांनी कॉम्प्युटरला काय विचारलं, ते मला समजेल असं सांगितलं. प्रत्येक माणसापासून दुसऱ्या प्रत्येक माणसापर्यंत जायची सगळ्यात जवळची वाट काढायची. अशा हजारो वाटा. आणि मग बघायचं, त्यातल्या सगळ्यात जास्त वाटा कोणाच्या दारावरून जातात.

दुपारचे तीन वाजले असतील. बाईंनी भिंतीवर बोट ठेवलं. चार पुंजक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक ठिपका होता. अठ्ठ्याऐंशी. त्याला फक्त चार रेघा.

"हा कोण?"

मी रजिस्टर उघडलं. शिलाई मशीन दुरुस्त करणारा. वय एकावन्न. एक मेहुणा सामान करणाऱ्यांत. दवाखान्यात ठरवणाऱ्यांतल्या एकाच्या शेजारी अकरा दिवस खाट. एका खोलीसाठी ओळख दिलेली. कोपऱ्यातल्या एका मुलाच्या बापाच्या मयताला हजर. खाली जबाब होता, दहा ओळींचा, आणि जबाबाखाली सही माझी होती.

मला तो आठवला. मेहुण्याला दोन दिवस चौकशीला ठेवलं होतं म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी त्याला बोलावलं होतं. शांत माणूस. माझी खुर्ची करकरत होती, तर त्याने खिशातून तेलाची छोटी कुपी काढली, स्प्रिंगवर दोन थेंब सोडले आणि "आता बघा साहेब" म्हणाला. मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं होतं.

बाईंनी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा फाडला आणि त्या ठिपक्यावर चिकटवला. "आता डावीकडून निघा आणि सामानवाल्यांपर्यंत जाऊन दाखवा."

मी एक रेघ धरली. तिच्यावरून दुसरीवर गेलो, तिसरीवर गेलो. माझं बोट पांढऱ्या तुकड्यापाशी येऊन अडलं. मी परत सुरुवातीला गेलो, दुसरी वाट धरली. तिथेच आलो. तिसऱ्या वेळी साहेबही माझ्या मागे उभे राहून बघत होते. तिसऱ्या वेळीही तेच. एवढी मोठी भिंत, तीनशे माणसं, चौदा महिन्यांची आमची पळापळ, आणि ते सगळं नखाएवढ्या कागदाने झाकलं गेलं होतं. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"उचला त्याला," ते म्हणाले.

"उचलू नका," बाई म्हणाल्या. "उचललात की बोभाटा होणार, आणि आठ दिवसांत ते दुसरा माणूस उभा करणार. तो तुटला पाहिजे साहेब, पण तुटलाय हे कोणाला कळता कामा नये."

"म्हणजे त्यानेच आपलं ऐकायला हवं," मी म्हटलं. "तो का ऐकेल?"

बाईंनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे त्यांनी दुसरा, लहान कागद लावला होता. कापडबाजारात गेलेल्या एकोणीस जणांचा. त्यांची माणसं, शेजारी, गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या रेघा. मला आधी तो त्यांचा हळवेपणा वाटला होता. पण त्या म्हणाल्या होत्या की साथीत नुसता रोग कुठून आला तेवढंच बघून चालत नाही, आजारी पडलेल्यांचीही माणसं मांडावी लागतात. त्यात सात नंबरला एक शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या. अस्तराचं कापड घ्यायला बाजारात आलेल्या. त्यांच्या दुकानात चार मशीन होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकच नोंद, 'मशीनवाले दादा'. गेली अकरा वर्षं तो येत होता, आणि शेजाऱ्यांनी दिलेलं त्याचं नाव अठ्ठ्याऐंशीचंच होतं.

खून करणाऱ्यांचा कागद आणि मेलेल्यांचा कागद. दोन्हींवर असलेला माणूस एकच होता.

मी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. सकाळचे दहा वाजले होते. तो ओट्यावर एक मशीन उलटं करून बसला होता. मला बघून उठला, हात पुसले.

"साहेब, खुर्ची काय म्हणतेय?"

"आवाज बंद झाला," मी म्हटलं, आणि त्याच्यासमोर दोन कागद उलगडले. भिंतीवरच्या कागदांच्या लहान नकला.

"हे तुम्ही. हा तुमचा मेहुणा, हा रंगाच्या गोदामातला, हा कापडबाजारात पिशवी ठेवणारा. तीन पावलं. आणि हे परत तुम्ही, दुसऱ्या कागदावर. ही शिवणवाली ताई. एक पाऊल."

त्याने कागद जवळ ओढून घेतला. मग म्हणाला, "मी नुसत्या चिठ्ठ्या पोचवल्या. मशीनच्या पेटीतून. आत काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही."

"वाचणार नाही, म्हणूनच तुम्हाला निवडलं."

"माझ्या थोरल्या भावाला मारलं तुमच्या लोकांनी. कोठडीत. ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, दुसऱ्या ठाण्यातली. मी तसं सांगितलं. माफीबिफी मागितली नाही. तो परत कागदाकडे वळला. ताईंच्या ठिपक्यावर त्याने अंगठा ठेवला, आणि उचलला.

"त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला होता," तो म्हणाला. "दादा, सुई सारखी तुटतेय म्हणाली. मी म्हटलं, उद्या येतो. आज बाजारातलं अस्तर आणून ठेव, उद्या मशीन लावून देतो."

उलट्या मशीनचं चाक त्याने हाताने फिरवलं. ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. ते थांबल्यावर तो म्हणाला, "काय करायचं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी तो शिडीवरून पडला. म्हणजे तसं वस्तीत सगळ्यांना कळलं. आमच्या डॉक्टरांनी त्याच्या धडधाकट पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. आमचा एक हवालदार त्याचा चुलतभाऊ म्हणून सेवेला राहिला. निरोप येत राहिले, पण पुढे जाईनात. मशीनवाला आजारी, बस्स. त्यात कोणाला वावगं काय वाटणार?

इकडे बाईंनी भिंतीवर पेन्सिलीने सात तुटक रेघा काढल्या. "हा बंद पडला की ते एकमेकांना शोधायला लागतील," म्हणाल्या. "शोधतील ते बहुतेक इथून."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मला वाटतं."

नऊ दिवस काही झालं नाही. माझी झोप उडाली, साहेबांचं बोलणं तुटक झालं. चौथा स्फोट झाला असता तर त्याचा दोष आमच्या प्लास्टरवर लिहिला गेला असता. दहाव्या दिवशी सकाळी रंगाच्या गोदामवाल्याने एका नंबरवर फोन केला. त्याने आजवर कधीच कोणाला फोन केला नव्हता. समोरचा माणूस बाईंच्या पहिल्या तुटक रेघेच्या दुसऱ्या टोकाला होता.

बाई उठून भिंतीपाशी गेल्या. पेन घेतलं आणि पेन्सिलीवरून शाई फिरवली.

चौदाव्या दिवशी अजून दोन. अठराव्या दिवशी एक. प्रत्येक वेळी खालून निरोप यायचा, आणि आम्ही सगळे वर धावायचो, आणि कागदावर आधीच काढून ठेवलेली वाट खरी झालेली बघायचो. ती माणसं आमच्यापासून कोसांवर होती. त्यांनी या भिंतीबद्दल ऐकलंही नव्हतं. तरी ती त्या पेन्सिलीवरूनच चालत आली. एकदा एक शिपाई कागदाला हात लावू की नको अशा बेताने उभा राहिलेला मी पाहिला, आणि मला हसू आलं नाही.

पाचवी रेघ शाईची झाली तेव्हा मी म्हटलं, "बाई, मानलं तुम्हाला."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "खरं ठरतंय ना, त्याचीच भीती वाटते," त्या म्हणाल्या. "एवढं कळू शकतं माणसाचं. हा कागद उद्या कोणाच्या भिंतीवर लागेल, कोणासाठी, कोण सांगणार?"

बाविसाव्या दिवशी जे झालं ते त्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं. एक बाई आपणहून ठाण्यावर आली. कोपऱ्यातल्या कोवळ्या मुलांपैकी एकाची आई. म्हणाली, मुलाकडे निरोप घेऊन येणारा माणूस तीन आठवडे आला नाही, मुलगा घरात बसून राहतो, काल माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, त्याच्याकडे एक पत्ता आहे, तो घ्या आणि त्याला सोडा.

रेघाबाई तिच्यासमोर बसून सगळं ऐकत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "हा रस्ता मला दिसलाच नव्हता." आणि त्या पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

तो पत्ता ठरवणाऱ्यांच्या लपायच्या खोलीचा होता. तेवढाच आमच्याकडे नव्हता; तो मिळाल्यावर थांबायचं कारण उरलं नाही. तेविसाव्या दिवशी दुपारी दोन वाजता चौदा ठिकाणी एकदम दारं वाजली. सतरा माणसं. एकही गोळी सुटली नाही. एक जण तर आंघोळ करत होता, त्याला आम्ही अंग पुसू दिलं. रंगाच्या गोदामात दोन बाजार उडतील एवढं सामान डब्यांत भरून तयार होतं. ते कुठे न्यायचं ही चिठ्ठी तेवढी पोचली नव्हती. ती प्लास्टरवाल्याच्या मशीनच्या पेटीत पडून होती.

कोपऱ्यातली सहा मुलं एव्हाना एकेक करून आपापल्या घरी परतली होती. त्यांनाही उचलावं असं माझं मत होतं. बाई साहेबांसमोर तावातावाने भांडल्या. "यांनी अजून काही केलेलं नाही. आता उचललंत तर पुढच्या कागदावर हेच मधोमध असतील." साहेबांनी दोन दिवस घेतले आणि बाईंचं ऐकलं. मुलांवर लक्ष ठेवलं, बस्स. त्यातला एक आता बसचा कंडक्टर आहे. मला तिकीट देताना ओळख दाखवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

खटला दीड वर्षाने उभा राहिला. बचावाच्या वकिलांनी बाईंना चांगलंच फैलावर घेतलं. "रेघ काढली की माणूस गुन्हेगार होतो का हो?"

"नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर यातली दोनशे एक्क्याऐंशी माणसं आज आपापल्या घरी आहेत."

न्यायाधीशांनी मूळ कागद बघायला मागितला. तो लावायला कोर्टात भिंत पुरेना, तेव्हा चार शिपायांनी उभा धरला. न्यायाधीश चष्मा पुसत आसनावरून खाली उतरले. त्यांच्याबरोबर सगळं कोर्ट उठलं. वकील, कारकून, मागच्या बाकांवरची मेलेल्यांची माणसं, पिंजऱ्यातले आरोपीसुद्धा. आरोपींपैकी एक जण मान वाकडी करून आपला ठिपका शोधत होता. आपल्या संघटनेचा एवढा आकार त्यांच्यापैकीही कोणी कधी पाहिला नव्हता.

मशीनवाल्याने सगळं सांगितलं, भावाचंही सांगितलं. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या शिवण विभागातली मशीन आता तोच बघतो. त्याच्या भावाची फाइल साहेबांनी पुन्हा उघडायला लावली. ते काम अजून चालू आहे, आणि सोपं नाही.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी कोर्ट रिकामं होत होतं. शिवणवाल्या ताईंची मुलगी बाईंपाशी आली. विशीतली असेल. "तुमच्याकडे दुसरा कागद आहे ना," तिने विचारलं. "आईचा?"

बाईंनी तो लांब टेबलावर पसरला आणि सात नंबर दाखवला. मुलगी वाकली. तिने आईच्या रेघा मोजल्या. त्रेचाळीस होत्या.

"इतकी माणसं होती तिची?" ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, ती दिवसभर एकटी मशीनवर बसलेली असते." मग एका रेघेच्या टोकावर बोट ठेवून तिने विचारलं, "ही कोण?"

"बटणांच्या दुकानातली. तुझ्या आईबरोबर डबा खायची."

"आणि ही?"

शिपाई दार लावायला आला. बाईंनी चष्मा चढवला होता आणि रजिस्टर उघडलं होतं. मी त्याला दारातच थोपवलं आणि म्हटलं, "जरा थांब, अजून एक्केचाळीस बाकी आहेत."